न्यू यॉर्कची पंगत

आठ माणसांनीं एकत्र जेवावयाचें ठरविलें, कीं त्यांतील एकाच्या माथीं व्यवस्थेचें काम येतें. दिवस कोणता, वेळ कोणती, जागा किती दूर, कोण मांस खात नाहीं, कोणाला मद्य वर्ज्य, कोणाच्या खिशाला किती झेपेल, या साऱ्याचा मेळ त्या एकट्याला घालावा लागतो. इतकें करूनहि जेवण उरकल्यावर बिल कसें वांटून घ्यावयाचें, हा प्रश्न टेबलाशेजारीं उभा असतोच. लग्नाच्या पंगतीला असले प्रश्न पडत नाहींत. तेथें यजमान एक, स्वयंपाक एक, आणि वाढपी ठरवील तो क्रम. पाहुण्यानें पानावर बसावें आणि नको असेल तें येतांच हात आडवा धरावा. पंगतीचा कडक दंडक एकच : पंक्तिभेद होतां कामा नये. शहरांतील भोजनगृहांत मात्र यजमान कोणीच नसतो, किंवा सगळेच असतात. आणि तेथें पंक्तिभेद कोणी केला, तर जाब कोणाला विचारावा, हेंहि चटकन् कळत नाहीं.

न्यू यॉर्क शहरानें या पेंचाच्या एका अंगावर १९९२ सालीं एक तोडगा काढला. त्याचें नांव 'रेस्टॉरंट वीक', म्हणजे भोजनगृहांचा सप्ताह. नांवांत सप्ताह असला तरी अलीकडे तो तीन-चार आठवडेहि चालतो, आणि वर्षांतून दोनदां येतो, एकदां हिवाळ्यांत व एकदां उन्हाळ्यांत. या दिवसांत शहरांतील शेंकडों भोजनगृहें आपल्या नेहमींच्या लांबलचक यादीच्या जोडीला एक आंखूड यादी पुढें करतात आणि संपूर्ण जेवणाची किंमत आगाऊ जाहीर करतात. प्रत्येक वाढीसाठीं दोन-तीन पदार्थ. त्यांतून ज्यानें त्यानें एकेक निवडावा. किंमत सर्वांना सारखी. दहा जणांना घेऊन जाणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाहीं.

परंतु ठराविक वेळीं, ठराविक किंमतींत, ठराविक जेवण ही कल्पना कांहीं न्यू यॉर्कनें शोधून काढलेली नव्हे. भोजनगृहें नव्हतीं तेव्हां तीच रीत होती. अठराव्या शतकांत पॅरिसमधील प्रवाशाला उतारगृहाच्या मालकाच्या टेबलावर जेवावें लागे. फ्रेंच भाषेंत त्याला 'ताब्ल दोत', म्हणजे यजमानाचें टेबल, असें म्हणत. इंग्लंडांतील व इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतील खानावळींत अशाच जेवणाला 'ऑर्डिनरी' हें नांव होतें. वेळ एक, टेबल एक, किंमत एक. मोठमोठीं पात्रें मध्यें मांडलेलीं असावयाचीं. ज्याचा हात लांब त्याचें नशीब थोर, आणि उशिरां येणाराच्या वांट्याला हाडें. शेजारीं कोण बसेल याचा नेम नसे. या पद्धतींत गट आपोआप जमे, पण निवड कशाचीच नसे.

'रेस्टॉरंट' हा शब्द प्रथम घराचा नव्हे, तर एका पेयाचा वाचक होता. अशक्त प्रकृतीच्या माणसाला तरतरी आणणारा मांसाचा गाळीव रस, असा त्याचा अर्थ. १७६० नंतरच्या दशकांत असला रस विकणारीं शोभिवंत दुकानें पॅरिसमध्यें निघालीं. बूलांजे नांवाच्या एका दुकानदारानें मेंढीचे पाय शिजवून विकले, त्यावरून खटला झाला, आणि त्यांतून रेस्टॉरंटचा जन्म झाला, अशी एक चटकदार कथा अनेक पुस्तकांतून फिरत आली आहे. रिबेका स्पँग या विदुषीनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जुनीं कागदपत्रें चाळून दाखविलें, कीं या कथेला समकालीन आधार सांपडत नाहीं. आद्य रेस्टॉरंटवाल्याचा मान मातुरँ रोझ द शांतवाझो या खटपट्या गृहस्थाकडे जातो. चटकदार कथा मात्र इतक्या सहजीं मरत नाहींत.

या दुकानांनीं तीन गोष्टी नव्या आणल्या. लहान लहान स्वतंत्र टेबलें, किंमती लिहिलेली पदार्थांची यादी, आणि ज्याचें त्याचें निराळें बिल. माणसानें हव्या त्या वेळीं यावें, हवें तें मागवावें, आणि खिसा पाहून थांबावें. ब्रिया-सावारँ या रसिक न्यायाधीशानें १८२५ सालच्या आपल्या पाकरसिकतेवरील ग्रंथांत रेस्टॉरंटचे जे गुण वर्णिले आहेत, ते हेच. एकट्यादुकट्याला ही मोठीच मोकळीक मिळाली. मात्र ती मिळतांना गटाचें टेबल मोडलें. पूर्वीं गटाला निवड नव्हती. आतां निवड इतकी झाली, कीं दहा जणांचे दहा बेत एका वेळीं शिजवून एका वेळीं टेबलावर आणणें ही आचाऱ्याचीच परीक्षा ठरली.

ही नवी तऱ्हा न्यू यॉर्कमध्यें रुजविली ती डेल्मोनिको बंधूंनीं. स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषा बोलणाऱ्या तिचीनो प्रांतांतून आलेल्या या दोघां भावांनीं १८२७ सालीं विल्यम स्ट्रीटवर केक व कॉफीचें छोटेंसें दुकान थाटलें. त्यांतून कांहीं वर्षांतच फ्रेंच धर्तीचें भोजनगृह उभें राहिलें. १८३५ च्या मोठ्या आगींत दुकान भस्मसात् झालें. १८३७ सालीं भाऊ नव्या इमारतींत आले. अमेरिकेंतील हॉटेलांत त्या वेळीं घंटा वाजली कीं सर्वांनीं धांवत जाऊन लांब टेबलावर बसावें, ही पद्धत होती. तिच्यापुढें डेल्मोनिकोचें शांत, पांढऱ्या चादरीचें टेबल म्हणजे निराळेंच जग होय. मोठ्या मंडळींच्या जेवणासाठीं तेथें स्वतंत्र दालनें असत. १८६२ पासून शार्ल रानोफर हा फ्रेंच आचारी तेथील पाकशाळेचा मुख्य झाला. त्यानें १८९४ सालीं छापलेला हजाराहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ पाहिला, म्हणजे मोठ्या मेजवानीची आंखणी हें त्या काळीं केवढें शास्त्र होऊन बसलें होतें, तें समजतें.

त्याच डेल्मोनिकोच्या दालनांत १८६८ च्या एप्रिल महिन्यांत दोन दिवसांच्या अंतरानें दोन जेवणें झालीं. पहिल्याचा गाजावाजा अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर झाला. दुसऱ्याची दखल त्या वेळीं फारशी कोणी घेतली नाहीं.

पहिलें जेवण शनिवार, १८ एप्रिलचें. चार्ल्स डिकन्स अमेरिकेंतील वाचनांचा दौरा संपवून मायदेशीं निघाला होता, आणि न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रकारांनीं त्याला निरोपाची मेजवानी दिली. तिकीट पंधरा डॉलरांचें. तेव्हांच्या मानानें ही जबर रक्कम होती. सुमारें दोनशें माणसें जमलीं. 'ट्रिब्यून' पत्राचे होरेस ग्रीली अध्यक्षस्थानीं होते. डिकन्सचा पाय सुजलेला, त्यामुळें तो उशिरां आणि लंगडतच आला. पंचवीस वर्षांपूर्वींच्या आपल्या पुस्तकांत त्यानें अमेरिकेवर पुष्कळ आसूड ओढले होते. या प्रसंगीं त्यानें जाहीर केलें, कीं देशांत मोठी सुधारणा झालेली आपण पाहिली, आणि ही कबुली त्या पुस्तकांच्या पुढील प्रत्येक आवृत्तीला जोडली जाईल. तें वचन पाळलें गेलें.

या मेजवानीची आंखणी करणाऱ्यांपुढें एक अर्ज आला होता. जेन कनिंगहॅम क्रोली ही 'जेनी जून' या टोपणनांवानें लिहिणारी नामांकित पत्रकार होती. तिचे पति डेव्हिड क्रोली 'वर्ल्ड' पत्राचे संपादक. पुरुषांना ज्या अटींवर तिकीट मिळतें त्याच अटींवर आपल्यालाहि मिळावें, इतकेंच तिचें मागणें होतें. पैसे देण्याची तयारी होती, धंदा तोच होता. तरीहि तो अर्ज प्रथम थट्टेवारी नेण्यांत आला. पुढें आणखी कांहीं लेखिकांनीं तेंच मागितलें. ग्रीली यांनीं स्त्रियांना नीट वागविल्याखेरीज आपण अध्यक्ष होणार नाहीं असें बजावलें, असेंहि सांगतात. अखेर जेवणाला तीन दिवस उरले असतां समितीनें कळविलें, कीं शोभा येईल आणि एकमेकींना एकटें वाटणार नाहीं इतक्या बायका जमत असतील, तर त्यांना तिकिटें मिळतील. या औदार्याचा स्वीकार कोणीच केला नाहीं. पंगतींत पान मांडावयाचें, पण तें शोभेपुरतें, हा पंक्तिभेद त्या स्त्रियांनीं अचूक ओळखला होता.

क्रोलीबाई रडत बसल्या नाहींत. मार्च महिन्यांतच त्यांनीं आपल्या मैत्रिणींना जमवून निव्वळ स्त्रियांचें एक मंडळ काढलें होतें. नांव शोधतां शोधतां वनस्पतिशास्त्राच्या एका कोशांत त्यांना 'सोरोसिस' हा शब्द सांपडला. अनेक फुलें एकत्र मिसळून जें एकच फळ तयार होतें, त्याला शास्त्रज्ञ हें नांव देतात. अननस आणि तुती हीं त्याचीं उदाहरणें. कोंकणांतील वाचकाला फणस म्हटलें कीं पुरे. ॲलिस केरी ही कवयित्री पहिली अध्यक्षा झाली.

आतां या मंडळानें जमावयाचें कोठें? घरीं जमलें तर ती हळदीकुंकवासारखी घरगुती बैठक ठरे. सार्वजनिक जागीं जमावें, तर पुरुष सोबत असल्याशिवाय प्रतिष्ठित भोजनगृहांत स्त्रीनें बसण्याची चाल नव्हती. मोठ्या हॉटेलांतून स्त्रियांसाठीं 'लेडीज ऑर्डिनरी' नांवाचीं निराळीं दालनें १८३० नंतर निघालीं होतीं, पण तीं मुख्यतः उतारू कुटुंबांसाठीं. संध्याकाळीं एकटी बाहेर जेवणारी स्त्री दिसली, कीं तिच्या शीलाविषयीं शंका घेण्यांत येई. असें असतां डेल्मोनिको कुटुंबानें या मंडळाला दुपारच्या जेवणासाठीं जागा दिली. सोमवार, २० एप्रिल १८६८ रोजीं, म्हणजे डिकन्सच्या मेजवानीच्या तिसऱ्या दिवशीं, सोरोसिसची सभा त्याच भोजनगृहांत भरली. पाश्चात्त्य देशांत अशा नांवाजलेल्या ठिकाणीं पुरुषांवांचून स्त्रियांनीं उघडपणें एकत्र जेवण्याचा हा पहिल्या प्रसंगांपैकीं एक होय. डेल्मोनिकोनें हें तत्त्वासाठीं केलें कीं गिऱ्हाइकासाठीं, याचा निवाडा करण्याचें कारण नाहीं. दुपारचीं टेबलें रिकामीं असतात, हें प्रत्येक भोजनगृहवाल्याला ठाऊक असतें. आणि ही गोष्ट या इतिहासांत पुन्हा एकदां कामाला येणार आहे.

यापुढचा प्रकार तर एखाद्या प्रहसनाला शोभण्यासारखा आहे. वृत्तपत्रकारांच्या क्लबानें झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून सोरोसिसला न्याहारीचें आमंत्रण दिलें. स्त्रिया गेल्या. त्यांना खाऊं घालण्यांत आलें, गाणीं व भाषणें ऐकविण्यांत आलीं, पण एकीलाहि बोलण्याची संधि देण्यांत आली नाहीं. सोरोसिसनें उलट आमंत्रण धाडलें तें चहाचें. तेथें सर्व भाषणें स्त्रियांनींच केलीं, आणि पुरुषांना आभाराचे दोन शब्द बोलण्याचीहि सवड मिळाली नाहीं. अशी फिट्टंफाट झाल्यावर तिसरें जेवण ठरलें. तें दोन्ही मंडळांचें मिळून होतें. प्रत्येकानें व प्रत्येकीनें आपआपला खर्च द्यावा आणि भाषणांचा मानहि दोघांनीं सारखा वांटून घ्यावा, असा करार झाला. क्रोलीबाईंनीं पुढें १८९८ सालीं लिहिलेल्या स्त्रीमंडळांच्या बृहद् इतिहासांत या तीन जेवणांची हकीकत मोठ्या चवीनें सांगितली आहे. बिलाच्या वांटणींत एवढा अर्थ भरलेला क्वचितच आढळेल.

एका दाराची कडी निघाली म्हणून सगळीं दारें उघडलीं असें मात्र नव्हे. १९०७ सालीं हॅरियट स्टँटन ब्लॅच ही मताधिकाराच्या चळवळींतील पुढारी एका मैत्रिणीसह हॉफमन हाऊस या हॉटेलाच्या गच्चीवर संध्याकाळीं जेवावयास गेली. पुरुष सोबत नाहीं म्हणून दोघींना वाढण्याचें नाकारण्यांत आलें. तिनें खटला भरला आणि १९०८ सालीं तो हरली. साठ वर्षांनंतरहि प्लाझा हॉटेलाचा 'ओक रूम' आठवड्यांतील कामाच्या दिवशीं दुपारीं बारा ते तीन केवळ पुरुषांसाठीं राखलेला असे. १२ फेब्रुवारी १९६९ रोजीं बेटी फ्रीडन आपल्या सहकारिणींना घेऊन तेथें जाऊन बसली. नोकरांनीं त्यांना बाहेर काढलें नाहीं. त्यांनीं त्यांच्यापुढचें टेबलच उचलून नेलें. खुर्च्यांवर बसलेल्या स्त्रिया आणि मध्यें मोकळी जमीन! कांहीं महिन्यांतच हॉटेलानें तो नियम सोडून दिला. शहराचे महापौर जॉन लिंडसे यांनीं १९७० च्या ऑगस्ट महिन्यांत सार्वजनिक स्थळीं स्त्रियांना मज्जाव करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हां मॅक्सोर्लीज या जुन्या मद्यगृहाचें दारहि त्यांना उघडलें.

म्हणजे कोणत्याहि आठ जणांनीं कोणत्याहि टेबलावर बसण्याचा प्रश्न कायद्यापुरता सुटला. राहिला प्रश्न पैशाचा. उत्तम भोजनगृह आणि मध्यम स्थितींतला माणूस यांच्यामध्यें आतां नोकराचा हात नव्हता, पण यादीच्या उजव्या बाजूचे आंकडे होते.

१९९२ च्या जुलै महिन्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचें अधिवेशन मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथें १३ ते १६ या तारखांना भरावयाचें होतें. हजारों प्रतिनिधि आणि त्यांच्या पाठोपाठ हजारों वार्ताहर शहरांत येणार होते. जुलै म्हणजे धनिक न्यू यॉर्ककरांनीं समुद्रकांठीं निघून जाण्याचा महिना. भोजनगृहांना दुपारीं वारा खात बसावें लागे. टिम झगाट व जो बॉम या दोघांनीं त्या चार दिवसांपुरती एक योजना पुढें मांडली. झगाट हा मूळचा वकील. मित्रमंडळींच्या जेवणांतील गप्पांतून निघालेली कल्पना धरून त्यानें व त्याच्या पत्नीनें १९७९ सालीं मित्रांकडूनच भोजनगृहांना गुण देवविले, आणि त्या टिपणांतून पुढें जगप्रसिद्ध मार्गदर्शिका निघाली. बॉम हा 'फोर सीझन्स' सारखीं नामांकित गृहें उभारणारा कल्पक माणूस. योजना अशी, कीं पुढाकार घेणाऱ्या भोजनगृहांनीं तीन वाढींचें दुपारचें जेवण १९ डॉलर ९२ सेंटांना द्यावें. सालाचा आंकडा हीच किंमत. सुमारें ९५ गृहें सामील झालीं. पाहुण्यांसाठीं मांडलेल्या या पानांवर स्थानिक लोकच येऊन बसले! एका वेळेपुरता म्हणून आंखलेला हा उपक्रम मग बंद करणें कोणालाच परवडेना.

मालकाचा हिशेब सरळ होता. भाडें आणि पगार रिकाम्या टेबलालाहि द्यावेच लागतात. यादी आंखूड असली कीं कोणता माल किती आणावयाचा याचा अंदाज बरोबर येतो, नासाडी कमी होते, आणि दहा जणांचें टेबल आलें तरी पाकशाळा गांगरत नाहीं. गिऱ्हाइकाचा फायदा किमतींत जितका, तितकाच निश्चितींत आहे. संशोधकांनीं इस्राएलमधील एका भोजनगृहांत सहा-सहा जणांच्या गटांवर केलेला एक प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यानें त्यानें आपलें बिल द्यावयाचें असतां दर माणशी सुमारें ३७ शेकेलचें जेवण मागविलें गेलें. बिल सारखें वांटावयाचें ठरलें तेव्हां हाच आंकडा सुमारें ५१ झाला. आणि जेवण फुकट, असें सांगितल्यावर ८२ च्या घरांत गेला. शेजाऱ्याच्या खिशांतून कांहीं भाग जाणार असला, कीं माणसाची भूक वाढते. ठराविक किमतीच्या यादीपुढें ही वाढती भूक चालत नाहीं, आणि सॅलड खाणाऱ्याला दुसऱ्याच्या मटणाचे पैसे भरावे लागत नाहींत.

तरी व्यवस्था करणाऱ्यानें गाफील राहूं नये. जाहीर किमतींत पेय, कर आणि नोकरांची बक्षिशी धरलेली नसते. २०२२ सालीं जेवणाच्या किमती ३०, ४५ व ६० डॉलर अशा तीन पायऱ्यांनीं ठरल्या. तीस डॉलरांच्या आठ जेवणांचे २४० डॉलर. त्यावर शहरांतील ८.८७५ टक्के विक्रीकराचे २१ डॉलर ३० सेंट. शेंकडा २० प्रमाणें बक्षिशीचे ४८. एकूण ३०९ डॉलर ३० सेंट, आणि अजून पाण्याखेरीज कांहीं प्यालेलें नाहीं. शनिवार बहुधा या योजनेंतून वगळलेला असतो. कित्येक ठिकाणीं मोठ्या गटाची बक्षिशी बिलांतच घालतात, ती न पाहतां लोक दुसऱ्यांदा देतात. शाकाहारी पदार्थ यादींत एखादाच असतो, तो आधींच विचारून ठेवावा लागतो. पानें लहान होतात, आणि नोकरांचें लक्ष पुरी किंमत देणाऱ्या टेबलाकडे अधिक असतें, अशी ओरडहि होत आली आहे. ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येत नाहीं. पंक्तिभेदाची खोड अशी वेष पालटून येते.

किमतीच्या आंकड्यांशीं खेळण्याची संवय न्यू यॉर्कनें सोडली नाहीं. दर वर्षीं एक सेंट चढवावा, असा क्रम कांहीं काळ चालला. पुढें २०१२ चे ऑलिंपिक सामने आपल्या शहरांत भरावेत या इच्छेनें दुपारचें जेवण २० डॉलर १२ सेंटांचें झालें. ६ जुलै २००५ रोजीं तो मान लंडनला मिळाला. त्यानंतर न्यू यॉर्कनें २४ डॉलर ७ सेंट ही किंमत धरली, कारण हें शहर चोवीस तास आणि सातहि दिवस जागें असतें म्हणे. हा नमुना इतर शहरांनींहि उचलला. मुंबईंत तो २०१० सालीं आला.

सर्वांत विलक्षण सप्ताह झाला तो २०२१ च्या जानेवारींत. करोनाच्या सांथीमुळें न्यू यॉर्कच्या भोजनगृहांतील आंतलीं दालनें १४ डिसेंबर २०२० पासून पुन्हा बंद झालीं होतीं. उत्सव तरी मोडूं नये म्हणून जेवणें बांधून नेण्याची योजना निघाली. किंमत, जुन्या चालीप्रमाणें सालाचीच : २० डॉलर २१ सेंट. २५ ते ३१ जानेवारी असा आठवडाभर शहरानें एकाच किमतीचीं पुडकीं घरोघर नेलीं. मित्रांनीं एकच भोजनगृह, एकच पदार्थ आणि एकच वेळ ठरवावी, आणि प्रत्येकानें तें आपल्या घरीं उघडावें. १२ फेब्रुवारीला आंतलीं दालनें एकचतुर्थांश आसनांपुरतीं उघडलीं, आणि टेबलांमधील अंतर फुटांनीं मोजून पुन्हा चादरी घालण्यांत आल्या.